धुणं वेगळं, भांडी वेगळी

आमच्या घरी व्हिक्टोरिया राणी वर्षातून एकदाच आंघोळ करते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दुपारची झोप झाल्यावर, चिंचेच्या कोळात. सोबत तिचा मुलगा सातवा एडवर्ड असतो, नातू पाचवा जॉर्ज असतो आणि पणतू सहावा जॉर्जही. सगळं राजघराणं आई परातीत ओळीने बसवते, आधी कोळ चोळते, मग रांगोळीची चिमूट घेऊन अंगठ्याने गरगर घासते. चांदीला चिंच लावू नये म्हणतात, पण आमच्याकडे धातूंत जातिभेद नाही. शेवटी दुधाचा हबका, पाण्याचा हबका आणि बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं. आईच्या आधी हे काम आजी करायची. म्हणजे आमच्या १८६२ च्या रुपयाला निदान सत्तर-ऐंशी दिवाळ्यांचं घासणं लाभलं आहे. राणीच्या गालावर आता एवढं तेज आहे की बघणाऱ्याला त्यात आपलाच चेहरा दिसतो. राणीचा दिसायला जरा प्रयत्न करावा लागतो.

हा रुपया विकायचं माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलं. ‘तुमच्याकडे हे नाणं आहे? दहा लाख मिळवा!’ असे निरोप येतात, त्यांतला एक. असल्या निरोपांना भुलू नका, कमिशन आणि कर म्हणून पैसे भरू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगून ठेवलंय. पण रिझर्व्ह बँक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नाही.

मग सकाळच्या बदलापूर लोकलमधल्या काकांना विचारलं. काका राहतात अंबरनाथला, पण खिडकी मिळावी म्हणून उलटे बदलापूरला येऊन बसतात. नाणी जमवणारा माणूस किती चिकाटीचा असतो, ते एवढ्यावरून कळावं. त्यांनी रुपयाचा मोबाइलवरचा फोटो बघितला आणि म्हणाले, “स्लॅब करून घ्या.”

आजूबाजूच्या चार जणांनी दचकून वर बघितलं. आमच्या भागात स्लॅब हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली आहेत. काकांनी घाईघाईने खुलासा केला. नाणेवाल्यांचा स्लॅब म्हणजे प्लास्टिकची सीलबंद डबी. परदेशात कंपन्या आहेत, पीसीजीएस १९८६ पासून, एनजीसी १९८७ पासून. नाणं त्यांच्याकडे पाठवायचं, ते अस्सल आहे का ते बघतात, दर्जाचा आकडा देतात आणि डबीत बंद करून परत पाठवतात. डबीतल्या नाण्याबद्दल मग कोणी घासाघीस करत नाही.

घासाघीस हा शब्द काकांचा. पुढे तोच नडला.

पाठवण्याआधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून मी उल्हासनगर कॅम्प दोनला एका जुन्या चांदीवाल्याकडे गेलो. उल्हासनगरकराला खऱ्याखोट्याची ओळख आपल्यापेक्षा जास्त असते, असं माझं मत आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित लष्कराच्या कल्याण कॅम्पात येऊन राहिले, १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं, आणि हातात काही नसताना त्यांनी असा माल काढला, की त्यावरच्या ‘मेड इन यूएसए’मधलं यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला. तर या शेठनी रुपया हातातसुद्धा घेतला नाही. माझ्या तळहातावरच बघितला आणि म्हणाले, “साईं, ये तो धुला हुआ है.”

मी म्हटलं, “हो, स्वच्छ आहे.”

शेठनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला पुढे इंग्रजीत छापील मिळाली.

कारण मी तरीही पाठवलाच. मधल्या माणसामार्फत गेला, फी गेली, टपाल गेलं, विमा गेला. काही महिन्यांनी डबी आली. वर लेबल: ‘व्हीएफ डिटेल्स’. आणि त्यापुढे, शाळेच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात लिहितात तसा एक शब्द: ‘क्लीन्ड’.

आपल्या भाषेत निर्मळ माणसाला धुतल्या तांदळासारखा म्हणतात. नाणेवाल्यांच्या जगात धुतला तोच गुन्हेगार. एखादं नाणं दीडशे वर्षं सोनाराच्या गल्ल्यात, वाण्याच्या पेटीत, कोणाच्या कमरेच्या कशात फिरून गुळगुळीत झालं, तर ते सरळमार्गी. त्याला आकडा मिळतो. आणि घरात देवापुढे बसून राहिलं, वर्षातून एकदा कोणी मायेने पुसलं, तर त्याचा आकडा जप्त.

आकड्याचंही ऐका. दर्जा १ ते ७० असा असतो. शंभर का नाही, विचारू नका. ही पट्टी काढली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ आधी माणसांना दर्जा देत असे. शरीराचे गोल, दणकट आणि काटकुळा असे तीन प्रकार पाडून त्यावरून स्वभाव सांगायचा. तेवढ्याने भागेना म्हणून १९४९ साली त्याने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी पट्टी काढली. हिशेब असा की १ दर्जाच्या सेंटाला एक डॉलर पडत असेल तर ७० दर्जाच्याला सत्तर. भाव बदलले, हिशेब मोडला, आकडे राहिले. शब्द तर त्याहून थोर. ‘गुड’ म्हणजे सत्तरपैकी ४. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे २० पासून पुढे, पस्तीसपर्यंत. आमच्या वेळी एवढ्या गुणांना मास्तर ‘व्हेरी फाइन’ म्हणत नसत.

आणि शेल्डनसाहेब वारल्यावर जे उघडकीला आलं ते असं: न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली चांगली सेंट काढून त्या जागी त्याने आपली कमी प्रतीची ठेवून दिली होती. प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे ज्या पट्टीवर माझ्या आईला दोषी ठरवलं, ती काढणाराच अदलाबदल करणारा. पूर्वी इथे प्रवासात घोडे बदलत म्हणून आमच्या गावाला बदलापूर नाव पडलं असं सांगतात. त्या हिशेबाने शेल्डन आमच्या गावचा मानाचा नागरिक व्हायला हरकत नाही. घोड्यांच्या व्यवहारातही अशीच लबाडी चाले. दात बघून वय ओळखायचं, म्हणून व्यापारी दातच घासून ठेवायचे.

पण रागाचा भर ओसरल्यावर मला एक कबूल करावं लागलं. शेठनी आणि त्या परदेशी माणसाने जे ओळखलं, ते बरोबर ओळखलं होतं. टांकसाळीत नाण्यावर ठसा बसतो तेव्हा दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा उमटतात. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेडाचा पट्टा भिंगरीसारखा गोल फिरतो, तो त्या रेघांमुळे. घासलं की त्या रेघा जातात आणि रांगोळीच्या रेघा येतात. मग नाणं चमकतं, पण चमक जागची हलत नाही. काकांनी आपलं एक न घासलेलं नाणं खिडकीच्या उन्हात फिरवून दाखवलं, शेजारी आमची राणी फिरवली. विठ्ठलवाडी ते कल्याण एवढ्या वेळात मला फरक कळला. दुर्दैवाने, कळला.

त्याहून वाईट पुढे होतं. आमच्या रुपयावर १८६२ लिहिलंय, पण तो १८६२ चाच असेल असं नाही. त्या सालाचा ठसा पुढे दहाएक वर्षं तसाच चालवला. मुंबई टांकसाळीने साल न बदलता बारीक ठिपके वाढवत नेऊन वर्षं मोजली. संग्राहक भिंग लावून ते ठिपके मोजतात, त्यावर भाव ठरतो. मी घरी येऊन आईला विचारलं, इथे ठिपके होते का गं?

“होते ना,” आई म्हणाली. “मळ बसायचा त्यात. तुझ्या आजीने टाचणीने काढले.”

आजी या बाबतीत फार नीटनेटकी होती. तिने हा रुपया वर्षभर तोळ्याचं वजन म्हणूनही वापरला आहे, आणि ते चुकीचं नव्हतं. रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. आता किती भरतो ते मी बघितलेलं नाही. आमच्या पाचव्या जॉर्जचीही अशीच गत. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेऊन १९१२ साली सोंड नीट दिसेल असा हत्ती काढला. आमचा जॉर्ज १९१२ नंतरचा, नीट सोंडवाला. आईने तीस वर्षांत घासून सोंड काढून टाकली. डुक्कर परत आलं.

तर धुतलेल्या, घासलेल्या, भोक पाडलेल्या नाण्याचं या कंपन्यांनी करावं काय? या प्रश्नावर तिकडे चाळीस वर्षं डोकेफोड चालू आहे आणि तीन उपाय करून झालेत. पहिला म्हणजे नाणं दर्जा न देता साध्या पिशवीत घालून परत करायचं, फी ठेवून घ्यायची. या पिशवीला अमेरिकन लोक ‘बॉडी बॅग’ म्हणत. यात गंमत अशी की नाणं परत आल्यावर मालक पिशवी फेकून द्यायचा आणि नाणं पुढच्या बकऱ्याला विकायचा. दोष माहीत असलेला एकमेव माणूस म्हणजे विकणाराच.

दुसरा उपाय हिशेबी. नाणं मुळात ३० दर्जाचं, पण घासलेलं, म्हणून १२ धरा. लग्नाच्या मध्यस्थांना ही पद्धत ठाऊक असते. मुलगा इंजिनीयर आहे, पण टक्कल पडलंय, तर डिप्लोमा धरून चाला. टक्कल किती पडलंय ते कोणी सांगत नाही. तिसरा उपाय हा ‘डिटेल्स’चा, जो मला लागला. झिजेचा वर्ग सांगायचा, आकडा द्यायचा नाही आणि गुन्ह्याचं कलम लिहून टाकायचं. साफ केलेलं, ओरखडलेलं, रंग संशयास्पद, दागिन्यातून काढलेलं, हवापाण्याने खराब झालेलं.

हे शेवटचं कलम वाचून मी थबकलो. त्या न्यायाने अख्खं बदलापूर ‘डिटेल्स’ आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात आली होती. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. पूर ओसरला की भिंतीवर कमरेएवढी मातकट रेघ राहते. मग काय होतं? घरमालक रंगारी बोलावतो. दिवाळीपर्यंत भिंत अशी पांढरीशुभ्र होते की गिऱ्हाईक म्हणतं, वा, किती उजेड आहे! भिंत पोपडे धरते ती पुढच्या पावसात, नव्या मालकाच्या. घासलेल्या नाण्याचा आणि रंगवलेल्या फ्लॅटचा दलाल एकाच शाळेत शिकलेला असतो. घर घेताना नदीची पूररेषा बघावी लागते, हे आम्हाला दोन पुरांनी शिकवलं. तेव्हा लेबल हवंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार ही की लेबल फार मोघम आहे. या कामात आमच्या महापालिका त्या परदेशी कंपन्यांच्या पुढे आहेत, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, तीत चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे आत राहून दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. नुसतं ‘इमारत खराब’ लिहून कोणी मोकळं होत नाही, कारण पाडायची की रंगवायची हे माणसाला कळलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेचंही तसंच. पन्नास किंवा त्यावरची नोट फाटली आणि तिचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असला तर पूर्ण पैसे, ४० ते ८० असला तर निम्मे, त्याखाली शून्य. काउंटरवरचा माणूस नोटेच्या चारित्र्यावर बोलत नाही, मोजतो. आणि इकडे ‘क्लीन्ड’ या एकाच शब्दात सगळं. कोणी फडक्याने एकदा पुसलेलं तेही क्लीन्ड, आणि कोणी काथ्याने ओरबाडलेलं तेही क्लीन्ड. काही लेबलांवर ‘कठोरपणे साफ केलेलं’ असं लिहितात म्हणे. आमच्यावर लिहिलं नाही, हा आईचा मान मी समजतो.

या सगळ्याचा निकाल आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी लावला. मी डबी हातात घेऊन आईला समजावत होतो की साफ केल्याने किंमत उतरते. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, “दादा, साफ म्हणजे काय केलं? धुतलं का घासलं?”

मी म्हटलं, एकच ते.

“एकच कसं?” मावशी चिडल्याच. “धुण्याचे पैसे वेगळे, भांड्यांचे वेगळे. एकच म्हणून एकातच उरकायला बघताय व्हय?”

मावशींना जे कळतं ते एवढंच आहे. धुताना वरचं निघतं, घासताना वस्तूचं निघतं. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात नाणं ठेवलं की त्यावर हिरवट चिकटा येतो. तो अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढला तर धातूला काही होत नाही. हे धुणं. मोठ्या कंपन्यांनी हे करून द्यायची सोयही काढली आहे, त्याचे पैसे वेगळे, आणि त्याचं नाव ‘कन्झर्व्हेशन’. ते मला मान्य आहे. मग बुडीचं काम येतं. चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधकाची पुटं. ती काढायला सोनार रिठ्याचं पाणी वापरतो, तिकडे तयार आम्लाचं द्रावण मिळतं. त्यात नाणं दोन सेकंद बुडवलं की पांढरंफेक होतं, कारण वरचा पातळसा थर विरघळून गेलेला असतो. म्हणजे थोडं धुणं, थोडी भांडी. पण हात हलका असला तर अशा नाण्याला पूर्ण आकडा मिळून जातो, आणि त्याला शब्द आहे ‘मार्केट अ‍ॅक्सेप्टेबल’. बाजार चालवून घेतो ते चालतं. म्हणजे आईचं मुळात चुकलं ते तंत्रात. आंघोळ घालायला हरकत नव्हती, खुणा ठेवायला नको होत्या.

उलट बाजूही आहे. काळेपणा मुरून नाण्यावर निळी-जांभळी झाक आली की संग्राहक जास्त मोजतो. म्हणून काही महाभाग उकडलेल्या अंड्याजवळ नाणं ठेवून रंग चढवतात. त्यावर ‘रंग संशयास्पद’ हे कलम लागतं. आता आमच्याकडे एमआयडीसीची हवा अशी, की रात्री खिडकी उघडी ठेवली तर अंड्याचा खर्च वाचतो. हा रंग नैसर्गिक धरायचा की कृत्रिम, ते त्यांनी इथे एक रात्र राहून ठरवावं.

आणि दागिन्यांचं काय? आपल्याकडे नाण्यांचा दुसरा जन्म गळ्यातच होतो. पुतळ्यांची माळ, रुपयांचा हार. कडी डाखली, घातली, नातीच्या लग्नात मोडली. त्यावर ‘दागिन्यातून काढलेलं’ असं लिहितात तेव्हा मला ते नुकसान वाटत नाही, पत्ता वाटतो. तिकडेही हे अगदीच कळत नाही असं नाही. चिनी व्यापाऱ्यांनी पारखून शिक्का मारलेल्या अमेरिकी डॉलरांना त्या कंपन्या शिक्क्याची नोंद करून दर्जा देतात. मग आपल्या सराफांनी रुपयावर मारलेल्या ठशांना तोच मान द्यावा. तो ओरखडा नव्हे, सही आहे.

शिवाय काही नाणी जन्मतःच झिजलेली असतात. कोकणात शिलाहारांच्या काळात चांदीचे गधैये चालत. मूळ इराणच्या सासानी नाण्यावर राजाचा चेहरा आणि अग्निकुंड होतं. नक्कल करता करता शेकडो वर्षांत चेहऱ्याच्या रेघा झाल्या, कुंडाचे ठिपके झाले. त्याचा दर्जा चेहऱ्यावरून ठरवायचा म्हटलं तर टांकसाळीतून बाहेर पडतानाच ‘पुअर’. त्याच शिलाहारांचं शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिवमंदिर अंबरनाथला वालधुनीच्या काठी उभं आहे. त्यातल्या कित्येक मूर्तींचे नाकडोळे पावसाने नेले. त्यांना कोणी रांगोळीने घासत नाही हे नशीब. काका दर सोमवारी तिथे जातात. मी विचारलं, याला काय दर्जा द्याल? काकांनी हात जोडले आणि चप्पल शोधायला लागले.

तेव्हा कंपन्यांना माझं सांगणं एवढंच: आकडा नका देऊ, पण वाक्य पुरं करा. धुतलं, बुडवलं की घासलं, आणि घासलं तर धातू गेला का, ते लिहा. मोघम शब्दाने विकणाऱ्याचं भागतं, घेणाऱ्याचं नाही.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला मी रुपया डबीसकट पाटावर ठेवला. आईला बजावलं, डबी फोडायची नाही, सील आहे. तिने फोडली नाही. मी मेणबत्त्या आणायला खाली गेलो आणि वर येईपर्यंत डबीच चिंच-रांगोळीने घासून, दुधाचा हबका मारून, कोरडी करून ठेवली होती. प्लास्टिकवर आता इतक्या बारीक रेघा आहेत की आतलं ‘क्लीन्ड’ वाचता येत नाही.